बागेच्या तिकिटावर उभं राहिलेलं बाळंतपणाचं हॉस्पिटल : डब्लिनच्या रोटंडाचा पैशाचा आणि जागेचा हिशोब

रोटंडा हॉस्पिटलचं नाव आपल्याकडे गायनॅकच्या डॉक्टरांना माहीत असतं, बाकीच्यांना नाही. आयर्लंडमधलं डब्लिन शहर, तिथलं 1745 साली सुरू झालेलं प्रसूतिगृह, आणि आजही चालू आहे. एवढी वर्षं न थांबता चाललेलं जगातलं सगळ्यात जुनं प्रसूतिगृह म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याच्या मेडिकल इतिहासावर भरपूर लिहिलं गेलंय, पण मी रोज ट्रस्ट हॉस्पिटलच्या ताळेबंदात डोकं घालून बसते त्यामुळे मला त्यात दिसतं ते वेगळंच, की पैसा कुठून आला, जागा कशी मिळाली, कोणाच्या नावावर होती, आणि पुढे ती जागा तुकड्या-तुकड्याने कशी गेली. कॉर्पस (म्हणजे ज्याच्या व्याजावर संस्था चालते तो कायमचा निधी) नाही, जमीनदाराचं मृत्युपत्र नाही, सरकारची हमी नाही, अशा अवस्थेत एका माणसाने हे उभं केलं, म्हणून ही केस मला नीट पूर्ण मांडायची आहे.

माणसाचं नाव बार्थोलोम्यू मॉस. जन्म 1712, वडील चर्चमध्ये धर्मगुरू. सर्जनच्या हाताखाली शिकला, 1733 मध्ये परवाना मिळाला, काही काळ सैनिकांबरोबर मिनोर्का बेटावर जाऊन आला, मग सर्जरी बाजूला ठेवून बाळंतपणाकडे वळला. त्या काळात हे काम सुईणींचं, पुरुष डॉक्टरने त्यात पडणं कमीपणाचं मानलं जायचं, तरी त्याने 1742 मध्ये त्याचं रीतसर लायसन्स घेतलं. त्याच्या आधी 1740-41 चा आयर्लंडमधला भयानक हिवाळा आणि त्यामागोमाग आलेला दुष्काळ होऊन गेला होता. डब्लिनच्या गरीब वस्त्यांत बायका थंड माळ्यावर नाहीतर ओल्या तळघरात, अंगाखाली पेंढा, घरात खायला नाही, अशा स्थितीत बाळंत व्हायच्या आणि आई किंवा मूल किंवा दोघंही जायचे. हे मॉसने घरोघरी जाऊन बघितलेलं.

15 मार्च 1745 ला त्याने जॉर्जेस लेन नावाच्या गल्लीत एक जुनी इमारत घेऊन दहाएक खाटा टाकल्या. ही इमारत आधी नाटकाची जागा होती. इथे बाई यायची, बाळंत व्हायची, बरी होऊन घरी जायची आणि एक पैसा द्यायचा नाही. इंग्लंड-आयर्लंडमध्ये फक्त बाळंतिणींसाठी असलेलं हे पहिलं हॉस्पिटल. बारा वर्षांत तिथे 3975 बायका बाळंत झाल्या आणि 4049 मुलं जन्मली, 2101 मुलगे आणि 1948 मुली. दहाएक खाटांपासून सुरू झालेल्या जागेसाठी हा आकडा छोटा नाही.

आता पैशाकडे येऊ, आणि इथे त्याच शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलांशी तुलना केल्याशिवाय मॉसची अडचण कळत नाही. डॉ. स्टीव्हन्स हॉस्पिटल 1733 मध्ये उघडलं, त्याच्यामागे रिचर्ड स्टीव्हन्स नावाच्या डॉक्टरने ठेवलेली जमीन होती, वर्षाला साधारण 600 पौंड भाडं देणारी. लेखक जोनाथन स्विफ्टने मरताना आपला जवळपास सगळा पैसा, साधारण 12 हजार पौंड, मनोरुग्णांच्या हॉस्पिटलसाठी ठेवला, तो वारला 1745 मध्ये म्हणजे मॉसने जॉर्जेस लेन सुरू केलं त्याच वर्षी. म्हणजे रूढ पद्धत अशी की आधी कोणीतरी श्रीमंत माणूस मरतो, मृत्युपत्रात जमीन किंवा रोकड ठेवतो, विश्वस्त ती गुंतवतात आणि भाड्या-व्याजावर हॉस्पिटल चालतं. मॉसकडे असा कोणी मेलेला दाता नव्हता, तो स्वतः मध्यमवर्गीय डॉक्टर, आणि विषय गरीब बायकांच्या बाळंतपणाचा, ज्यावर मोठी लोकं सहज पैसा सोडत नव्हती. मग वर्गणी, नाटकाचे चॅरिटी प्रयोग, हॅन्डलच्या संगीताचे कार्यक्रम, आणि लॉटरी. सुरुवातीची वर्षं याच चार गोष्टींवर गेली. यातलं एकही दरवर्षी हमखास येणारं उत्पन्न नाही, वर्गणीदार एका वर्षी देतो पुढच्या वर्षी विसरतो, नाटकाच्या दिवशी पाऊस पडला की गल्ला अर्धा.

जॉर्जेस लेनची जागा लवकरच अपुरी पडायला लागली. आणि इथे मॉसने जो निर्णय घेतला तो या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे.

1748 मध्ये त्याने शहराच्या उत्तर टोकाला, ग्रेट ब्रिटन स्ट्रीटवर (आता तिला पार्नेल स्ट्रीट म्हणतात) चार एकरांच्या थोडी वर जमीन भाडेपट्ट्याने घेतली. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जोखमीवर. हॉस्पिटलला चार एकर लागत नव्हते हे उघड आहे, इमारत रस्त्याच्या कडेला एका पट्टीत बसते, मग एवढी जमीन कशाला? तर मागच्या सगळ्या भागात बाग करायची होती. रॉबर्ट स्टीव्हनसन नावाच्या माणसाकडून त्याने बाग आखून घेतली. लंडनमध्ये तेव्हा व्हॉक्सहॉलची बाग जोरात चालली होती, तिकीट काढून आत जायचं, संध्याकाळी दिवे लागतात, बँड वाजतो, लोक फिरतात, भेटतात, खातात-पितात, तसंच इथे. तिकिटाचा पैसा हॉस्पिटलला.

आणि क्रम बघा. बाग आधी, 1749 पासून तिथे कार्यक्रम सुरू. इमारतीचा पायाभरणी समारंभ नंतर, 1751 मध्ये. म्हणजे ज्या जागेवर हॉस्पिटल व्हायचंय तीच जागा हॉस्पिटलची एक वीट बसायच्या आधी कमवायला लागली होती. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने आधी रेव्हेन्यू असेट, म्हणजे कमाई देणारी मालमत्ता, उभी केली आणि तिच्या जोरावर कॅपिटल प्रोजेक्ट, म्हणजे बांधकाम, काढलं. आपल्याकडे बहुतेक ट्रस्ट उलटं करतात, आधी देणग्या गोळा करून मोठी बिल्डिंग, दारावर दात्यांच्या पाट्या, आणि मग दरमहा पगार आणि औषधांचा खर्च कुठून काढायचा याची चिंता. एका संस्थेत मी हे अगदी जवळून पाहिलंय, बिल्डिंग चकचकीत, आणि एक पूर्ण मजला बंद कारण तिथे नेमायला नर्सचे पगार नाहीत. मॉसला रनिंग खर्चाचा विचार पहिल्या दिवसापासून होता आणि त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

जागेची निवडही अंदाधुंद नव्हती. तेव्हा डब्लिनचे सरदार-उमराव आणि पार्लमेंटचे मेंबर लोक शहराच्या उत्तर भागात राहायला येत होते, गार्डिनर घराण्याने तिथे रस्ते पाडून प्लॉट विकायला घेतले होते. मॉसची बाग झाल्यावर तिच्या तिन्ही बाजूंनी मोठाली घरं उठली, तोच पुढे रटलंड स्क्वेअर झाला आणि आता पार्नेल स्क्वेअर. म्हणजे बागेमुळे आजूबाजूच्या जमिनीला भाव आला, आणि त्या घरांत राहायला आलेली मंडळीच बागेची रोजची गिऱ्हाईकं. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या, भाव वाढला त्याचा पैसा बिल्डर आणि जमीनमालकांच्या खिशात गेला, हॉस्पिटलला त्यातलं काहीच नाही, कारण बागेबाहेरची जमीन हॉस्पिटलची नव्हती. हा मुद्दा पुढे परत लागणार आहे.

बागेचा पैसा चालू खर्चाला ठीक, पण एवढी मोठी इमारत त्यातून होणार नव्हती. त्यासाठी लॉटरी. लॉटरी म्हटलं की आपल्याला टपरीवरचं तिकीट आठवतं, पण 18व्या शतकात सार्वजनिक कामासाठी लॉटरी काढणं हा नेहमीचा मार्ग होता, पुढे आपल्या मुंबईच्या टाउन हॉलसाठीसुद्धा लॉटरी काढून पैसे उभे केले होते (आणि ते पुरले नाहीत, शेवटी बॉम्बे सरकारलाच पैसे घालावे लागले). लॉटरीचं गणित असं असतं की बक्षिसं आधी जाहीर करायची, तिकिटं विकायची, मधला फरक आयोजकाचा. सगळी तिकिटं खपली तर फायदा बऱ्यापैकी, पण खपली नाहीत तर जाहीर केलेली बक्षिसं आयोजकाच्या अंगावर. आणि आयोजक कोण, तर मॉस, एकटा. कुठली कंपनी नाही, ट्रस्ट नाही, मर्यादित जबाबदारी वगैरे काही नाही. इंग्लंडमध्ये खासगी लॉटरीवर कायद्याने बंदी होती, त्यामुळे तिथल्या मोठ्या बाजारात तिकिटं विकायला गेल्यावर अडचण येणारच होती आणि 1750 च्या दशकात त्याची एक मोठी योजना तशीच अडकून फसली. मॉस लंडनला गेला होता, परत येताना वेल्समध्ये होलीहेडला, म्हणजे जिथून आयर्लंडची बोट पकडायची तिथे, कर्जापायी त्याला अटक झाली. त्याच्या चरित्रात असं नोंदवलंय की तो खिडकीतून निसटला आणि वेल्सच्या डोंगरात लपून राहिला, मग कसाबसा बोट पकडून डब्लिनला पोचला. गरीब बायकांसाठी हॉस्पिटल बांधायला निघालेला डॉक्टर कर्जबाजारी म्हणून डोंगरात लपतोय, हे वाचताना पोटात कालवतं.

आणि मला वाटतं या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक इथेच होती. लॉटरी काढली ही चूक नव्हती. चूक ही की पट्टा, बांधकामाचे करार, लॉटरीची देणी, सगळं एका माणसाच्या नावावर. त्या दिवसांत मॉस गेला असता तर हॉस्पिटल म्हणून कायद्याने काही अस्तित्वातच नव्हतं, सावकारांनी जमिनीसकट सगळं ताब्यात घेतलं असतं आणि अर्धवट भिंती तशाच राहिल्या असत्या.

सुटका कशी झाली ते राजकारणामुळे. 1753 मध्ये आयर्लंडच्या तिजोरीत शिल्लक पडली होती आणि ती शिल्लक कोणाची, आयरिश पार्लमेंटची की इंग्लंडच्या राजाची, यावर डब्लिनमध्ये मोठा वाद पेटला. त्यातून पार्लमेंट मेंबरांनी एक शहाणपणा घेतला, की शिल्लक ठेवायचीच नाही, स्थानिक कामांना वाटून टाकायची, म्हणजे राजाने हात घालायला काही उरतच नाही. कालवे, रस्ते, बंदरं, अशा कामांना पैसा सुटला आणि त्याच लाटेत मॉसचा अर्ज पोचला. हॉस्पिटलला 6000 पौंडांचं अनुदान मिळालं, अर्धवट इमारत पुढे सरकली. त्या मेंबरांना गरीब बायकांचा कळवळा होता की राजाला पैसा जाऊ द्यायचा नव्हता, दोन्ही थोडं थोडं असणार, पण हॉस्पिटलच्या दृष्टीने वेळ बरोबर जुळून आली.

मग 2 डिसेंबर 1756 ला राजा दुसरा जॉर्ज याची सनद आली. या एका कागदाने सगळं बदललं. गव्हर्नरांचं मंडळ झालं, संस्थेला कायद्याने स्वतःचं अस्तित्व आलं, मालमत्ता संस्थेच्या नावावर ठेवता येऊ लागली, आणि मॉस आजन्म मास्टर. ‘मास्टर’ म्हणजे हॉस्पिटलचा प्रमुख डॉक्टर आणि प्रमुख कारभारी एकच. पुढच्या मास्टरांना सात वर्षांची मुदत ठरली आणि ती पद्धत रोटंडात आजही चालते. डॉक्टरच सीईओ, आणि सात वर्षांनी खुर्ची खाली करायची. मला ही पद्धत फार आवडते, कारण यात कोणी खुर्चीला चिकटून संस्था आपल्या घरची करू शकत नाही.

इमारतीबद्दल थोडं सांगते. आराखडा रिचर्ड कॅसल्सचा, तेव्हाचा डब्लिनचा सगळ्यात मोठा आर्किटेक्ट. त्याने नुकतंच लेन्स्टर हाउस केलं होतं (आज आयर्लंडची संसद तिथे भरते) आणि हॉस्पिटलचा दर्शनी भाग बराचसा त्याच धर्तीवर आहे. कॅसल्स 1751 मध्येच वारला आणि पुढचं काम जॉन एन्सरने केलं. दोन्ही बाजूला गोलाकार वळत जाणाऱ्या खांबांच्या ओळी, वर मनोरा, म्हणजे बाहेरून बघितलं तर सरदाराचा वाडाच. गरीब बाळंतिणींसाठी वाडा कशाला, हा प्रश्न तेव्हाही पडला असणार. माझ्या मते त्याचं उत्तर पैशातच आहे. ज्या लोकांकडून बागेत, चॅपलमध्ये (हॉस्पिटलच्या आतल्या छोट्या चर्चमध्ये), मैफिलीत पैसे घ्यायचे होते त्यांना लाज वाटणार नाही अशी जागा हवी होती. इमारत ही एका अर्थाने जाहिरात होती. पण त्या दिखाऊ भागाने खर्च वाढवला आणि कर्जही वाढवलं, हेही खरंच.

चॅपल हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. पहिल्या मजल्यावर, मुख्य जिन्याच्या वर ही खोली आहे आणि तिचं छत बघण्यासारखं आहे. बार्थोलोम्यू क्रॅमिलियन नावाच्या परदेशी कारागिराने 1755 च्या सुमारास चुन्याच्या गिलाव्यात ते घडवलं, श्रद्धा, आशा आणि दया यांच्या मूर्ती, दयेच्या अंगाखांद्यावर मुलं, देवदूत, द्राक्षांचे वेल, आणि हे सगळं छताला नुसतं चिकटवलेलं नाही तर खाली झुकून आलेलं. मध्ये मोकळ्या चौकटी आहेत, त्यात इटालियन चित्रकार चिप्रियानीकडून चित्रं काढून घ्यायचा मॉसचा विचार होता. ती चित्रं कधी झालीच नाहीत, मॉस गेला आणि पैसाही नव्हता, त्या चौकटी तशाच राहिल्या. आता यात उत्पन्नाचा भाग काय, तर चॅपलमध्ये चॅरिटीची प्रवचनं व्हायची, शहरातली प्रतिष्ठित मंडळी यायची, आणि दानाचं ताट फिरायचं. छत जेवढं देखणं तेवढी गर्दी जास्त आणि ताट तेवढं जड, असा तो हिशोब.

8 डिसेंबर 1757 ला हॉस्पिटल उघडलं, व्हाइसरॉय ड्यूक ऑफ बेडफर्डच्या हस्ते. 16 फेब्रुवारी 1759 ला मॉस वारला. वय 46 च्या आसपास, तब्येत खचलेली, डोक्यावर कर्ज. नव्या इमारतीत त्याला सव्वा वर्षही मिळालं नाही. पण सनद आली होती म्हणून हॉस्पिटल वाचलं.

पुढे गव्हर्नरांनी मॉसचीच वाट धरली आणि ती आणखी रुंद केली. डब्लिनचा पाऊस आपल्याला माहीत नाही, पण बारमाही भुरभुर असते, उघड्या बागेचं उत्पन्न हवामानावर अवलंबून. म्हणून 1764 मध्ये इमारतीच्या बाजूला एन्सरने मोठा गोल हॉल बांधला, 80 फूट व्यासाचा आणि मध्ये एकही खांब नाही. हाच रोटंडा, आणि पुढे अख्ख्या हॉस्पिटलला याच नाचगाण्याच्या हॉलचं नाव पडलं. 1780 च्या दशकात आणखी असेंब्ली रूम्स बांधल्या, रिचर्ड जॉन्स्टनच्या हातून, नाच, चहा, पत्ते, मेजवान्या. 1783 च्या नोव्हेंबरात आयरिश व्हॉलंटियर्स या नागरिकांच्या स्वयंसेवक सेनेचं मोठं राष्ट्रीय अधिवेशन याच रोटंडात झालं. सात-आठ भिंती पलीकडे बायका बाळंत होतायत आणि अलीकडे देशाच्या राज्यघटनेवर भाषणं चाललीयत.

त्याच सुमारास, 1785 मध्ये, पार्लमेंटने एक कायदा केला जो मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात हुशार वाटतो. श्रीमंत लोक तेव्हा सेडान चेअरमधून फिरायचे, म्हणजे आपला मेणा, बंद पेटी, दांड्या लावून दोन माणसांनी उचललेली. खासगी सेडान चेअर ठेवणाऱ्यांवर कर बसवला आणि तो पैसा हॉस्पिटलला दिला. याच कायद्यात स्क्वेअरच्या रस्त्यांची फरसबंदी आणि दिवाबत्ती याचीही सोय होती. बघा कसं बसवलंय, मेणा कोण ठेवतं तर जो बागेत आणि असेंब्ली रूममध्ये येतो तोच, त्याच्याकडून तिकिटाचे एकदा घेतले आणि वाहनाचे पुन्हा. चैनीवर कर आणि तो थेट गरिबांच्या बाळंतपणाला. आणि हे उत्पन्न पावसावर नव्हतं.

मग एवढ्या पैशाचं झालं काय, गरीब बाईला त्याचा उपयोग झाला का, हे विचारलंच पाहिजे, नाहीतर नुसता ताळेबंद बघून काय करायचं. सुरुवातीला उत्तर फार चांगलं नव्हतं. 1782 च्या अखेरपर्यंत हॉस्पिटलमध्ये जिवंत जन्मलेल्या 17650 मुलांपैकी 2944 पहिल्या पंधरवड्यातच दगावली होती, म्हणजे सहातलं एक. जोसेफ क्लार्क (नंतर 1786 पासून मास्टर) आणि त्याच्या वरिष्ठांनी वॉर्डातली कोंदट हवा हे कारण मानलं, हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या-दारांत आणि छतात वाटा केल्या, आणि नंतरच्या 8033 मुलांपैकी 419 गेली, म्हणजे साधारण एकोणीसात एक. या दुरुस्तीचा खर्च छताच्या नक्षीकामाच्या मानाने किती किरकोळ असेल विचार करा. पुढे 1829 पासून रॉबर्ट कॉलिन्सने वॉर्ड पाळीपाळीने रिकामे करून क्लोरीनने साफ करायला घेतले आणि त्याच्या मास्टरशिपच्या उरलेल्या वर्षांत बाळंतरोगाच्या तापाने मरणं जवळपास बंद झालं. पण वॉर्ड रिकामा ठेवायला जादा वॉर्ड असावा लागतो, खाटा शिल्लक असाव्या लागतात. ती सोय मॉसच्या मोठ्या इमारतीने दिली हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

1 जानेवारी 1801 ला सगळं फिरलं. आयर्लंडचं पार्लमेंट बंद झालं, देश ब्रिटनला जोडला गेला. डब्लिनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये 300 मेंबर होते, आता 100 जण लंडनला जायचे. मेंबर गेले, त्यांच्या मागून सरदार गेले, बायका-मुलं, नोकर, शिंपी, वादक, सगळा लवाजमा गेला. रटलंड स्क्वेअरची घरं हळूहळू वकील-डॉक्टरांकडे आणि ऑफिसांकडे गेली. आणि रोटंडाचं उत्पन्नाचं पूर्ण यंत्र त्याच वर्गाच्या करमणुकीवर बांधलेलं. बागेत संध्याकाळी यायला माणसंच नाहीत, मेण्यांचा कर घ्यायला मेणेच नाहीत. अनुदान द्यायचं की नाही हे आता लंडन ठरवणार, आणि लंडनच्या दृष्टीने डब्लिनची हॉस्पिटलं म्हणजे खर्चाची बाब.

इथून पुढे हॉस्पिटल कमाई करणारा मालक न राहता हॉल भाड्याने देणारा मालक झालं. जो भाडं देईल त्याला. मैफिली, प्रदर्शनं, राजकीय सभा, 1858 मध्ये चार्ल्स डिकन्सने इथे वाचनाचे कार्यक्रम केले. 1895 मध्ये देणगीतून टी. प्लंकेट केर्न्स विंग उभी राहिली, म्हणजे पुन्हा देणगीदारांकडेच वळावं लागलं. 25 नोव्हेंबर 1913 ला बागेच्या जागेवर उभारलेल्या स्केटिंग रिंकमध्ये आयरिश व्हॉलंटियर्सची (1783 मधल्या सेनेचंच नाव, पण संघटना नवी) स्थापना झाली, प्रचंड गर्दी. 1916 च्या ईस्टर उठावानंतर शरण आलेल्या बंडखोरांना ब्रिटिश सैन्याने पहिली रात्र रोटंडाच्या मोकळ्या जागेत उघड्यावर ठेवलं. जानेवारी 1922 मध्ये लियाम ओफ्लॅहर्टी (पुढे लेखक म्हणून गाजलेला) आणि बेकार कामगारांनी गोल हॉलवर कब्जा करून काही दिवस लाल झेंडा लावला. आयर्लंडचा अर्धा इतिहास या एका प्रसूतिगृहाच्या आवारात घडलाय आणि त्याचं मूळ कारण एवढंच की हॉस्पिटलला भाडं हवं होतं.

जागाही सुटत गेली. वरच्या असेंब्ली रूममध्ये 1930 मध्ये गेट थिएटर आलं, ते आजही तिथेच आहे. गोल हॉलमध्ये सिनेमा आला, 1954 पासून त्याचं नाव अँबॅसडर. आणि मॉसची बाग, तिचा मोठा उत्तरेकडचा भाग सरकारकडे गेला आणि 1966 मध्ये, ईस्टर उठावाला 50 वर्षं झाली तेव्हा, तिथे स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांचं स्मारक, गार्डन ऑफ रिमेंबरन्स, उघडलं. म्हणजे 1748 मध्ये जी जमीन खास कमाईसाठी जास्तीची घेतली होती ती हॉस्पिटलच्या हातातून गेली.

यावर माझं मत सांगते. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलशी तुलना करून बघा, ते टाकलेल्या मुलांचं घर, 1739 ची सनद, थॉमस कोरमने उभं केलेलं. त्यांनीही संगीताच्या मैफिली केल्या, हॅन्डल तर त्यांचा मोठा आधार होता. पण त्यांनी ब्लूम्सबरीत 56 एकर जमीन विकत घेतली, आणि पुढे शहर वाढल्यावर आजूबाजूच्या जमिनीवर घरं बांधायला पट्टे देऊन भाडं घेतलं. मैफिलीला कोणी येवो न येवो, भाडं येत राहिलं, आणि 1926 मध्ये ती सगळी इस्टेट 16 लाख 50 हजार पौंडांना विकली गेली. रोटंडाच्या चार एकरांभोवती अगदी तसाच श्रीमंत स्क्वेअर उठला होता आणि तो उठण्याचं कारणच त्यांची बाग होती. त्या घरांखालची जमीन थोडी जरी हॉस्पिटलच्या नावावर असती तर 1801 चा धक्का एवढा बसला नसता. अर्थात मॉसकडे चार एकरांचा पट्टा घ्यायलाच जेमतेम पैसा होता, त्याला दोष देणं मला पटत नाही. पण त्याच्यानंतर आलेल्या गव्हर्नरांकडे सनद होती, पार्लमेंटमध्ये वजन होतं, आणि त्यांनी पैसा आणखी हॉल बांधण्यात घातला, म्हणजे त्याच एका वर्गाच्या त्याच एका सवयीवर आणखी मोठी पैज. जमीन किंवा रोखे घेऊन ठेवायला हवे होते, 1760 ते 1790 ही तीस वर्षं त्यासाठी होती.

आपल्या वाचकांसाठी दोन जोड सांगते. डब्लिनमधल्या ज्या कॉलेजने मॉसला लायसन्स दिलं त्याच कॉलेजने 1877 मध्ये एडिथ पीचीला परीक्षेला बसू दिलं, ब्रिटनमधली दारं बाईला बंद होती तेव्हा. हीच पीची पुढे मुंबईत आली आणि बायकांसाठीच्या कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. कामाचं आर्थिक मॉडेल वेगळं, पेस्तनजी होरमसजी कामा यांची मोठी देणगी इमारतीला, जागा आणि पुढचा चालू खर्च सरकारकडून. दुसरी जोड आजची. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, आणि बिलाच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. श्रीमंत पेशंटच्या बिलातून गरिबाचा उपचार, हे तत्त्व मॉसच्या बागेपेक्षा फार वेगळं नाही, फक्त मॉसच्या हॉस्पिटलात आत आलेल्या एकाही बाईकडून पैसे घ्यायचे नव्हते आणि कमाई पूर्णपणे दाराबाहेरची होती.

आज रोटंडात वर्षाला 8 हजारांच्या आसपास बाळंतपणं होतात. खर्च मुख्यतः आयर्लंडच्या सरकारी आरोग्य खात्याकडून येतो, कारभार मात्र अजून 1756 च्या सनदेतून आलेल्या गव्हर्नर मंडळाकडे. जागा अत्यंत अपुरी आहे, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग दाटीवाटीत चालतो, मूळ इमारत वारसा म्हणून संरक्षित असल्याने भिंत हलवणंही सोपं नाही, आणि मागे वाढायला जी बाग होती तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. 2015 मध्ये सरकारने हॉस्पिटल शहराबाहेर ब्लँचर्ड्सटाउनला, कॉनोली हॉस्पिटलच्या आवारात हलवायचं जाहीर केलं. ते अजून झालेलं नाही, काम पार्नेल स्क्वेअरलाच चालू आहे, कॅसल्सच्या त्याच इमारतीत आणि तिच्याभोवती जमेल तिथे उभ्या केलेल्या बांधकामांत.